उष्ट्या ओळी

आई जाऊन दोन महिने झाले, तरी ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणाले, काळजाची घट्ट आहे. वाचनालयात आयुष्य गेलेलं. दुःख कसं करायचं तेही वाचून ठेवलं असेल.

धाकटा भाऊ दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा, उरलेल्या वेळात रॅप. आईवर गाणं करतोय, एवढंच तो बोलला. ताईने चार दिवस खपून सोळा ओळी लिहिल्या आणि रविवारी दुपारी त्याच्या हातात ठेवल्या.

त्याने वाचून कागद परत दिला.

"चांगल्या आहेत. पण मी नाही म्हणणार."

"का? यमक चुकलं?"

"यमक माझ्यापेक्षा चोख आहे. पण आमच्यात दुसऱ्याने लिहिलेलं म्हणणं म्हणजे उष्टं खाणं. ओळी तुझ्या, तूच म्हण."

"या वयात? शेजारी काय म्हणतील?"

"ते माझ्यामुळे केव्हाच बहिरे झालेत."

आवाज घुमू नये म्हणून तो आईच्या कपाटात तोंड घालून गायचा. माइक हँगरला बांधलेला, दोन्ही बाजूंना तिचे कपडे. ताईने ते कपाट अजून उघडलं नव्हतं. तिने डोकं आत घातलं. बीट सुरू झालं. सागर, दीपस्तंभ, सावली. चार ओळी तिने नीट वाचल्या.

"ताई, ही बाई कोण? मी नाही ओळखत हिला."

"मग काय सांगू?"

"जे मला माहीत नाही, ते सांग."

ठोके पडत राहिले. आईच्या स्वेटरची बाही तिच्या गालाला लागत होती.

"आई गेली त्या दिवशी तिने तुझ्याआधी मला फोन केला होता," ती म्हणाली. "वाजत होता, मी पाहिला. वाचनालयात कार्यक्रम होता, एक लेखक बोलत होते. मी फोन उपडा ठेवला."

धाकट्याचा हात बीट बंद करायला गेला आणि तिथेच थांबला. आता हा काय ते सुनावेल, म्हणून ती कपड्यांकडेच तोंड करून उभी राहिली.

"ठोक्यावर नाही आलं," तो म्हणाला. "परत म्हण."

"वाजत होता, मी पाहिला..."

"परत."

तिसऱ्यांदा ओळ बरोबर ठोक्यावर पडली. चौथ्यांदा तिला ती पुरी करता आली नाही. बाही तोंडावर दाबून ती रडत राहिली. बीट चालूच होतं. ती मोकळी जागा धाकट्याने भरली नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून तो नुसता उभा राहिला.