डाव्या पायाची आण

केळव्याच्या आखाड्यात बळवंतची एकच फुशारकी होती आणि ती तो कुणालाही ऐकवायचा, अगदी दाढी करता करता न्हाव्यालासुद्धा: "अकरा वरसं झाली, माजा डावा पट कोनी काढलेला नाय!" पट काढणं म्हणजे समोरच्याचा पाय धरायचा, उचलायचा आणि त्याला मातीत घालायचं. कुस्तीतला पहिला धडाच तो. आणि बळवंतचा डावा पाय तर आखूड, चांगला तीन बोटं. सातव्या वर्षी सुपारीच्या झाडावरून पडला, हाडवैद्याने हाड बसवलं ते वाकडं बसलं, आणि मग उजवा पाय वाढत गेला तसा डावा मागे राहिला. असा लंगडा गडी देवीच्या जत्रेत धडधाकट गड्यांना चीतपट करायचा म्हणजे काय थट्टा आहे? घरी ट्रंकेत जिंकलेले फेटे होते, आणि पाठीला म्हणाल तर माती कधी लागलेली नाही.

पण त्याचे वस्ताद पुंजाराम त्याला पालघरच्या मोठ्या कुस्त्यांच्या फडात काही उतरू देत नसत. "आपली आजूबाजूची गावं बरी. तुजा पाय आखूड. तिथं दयामाया नाय." दरसाल हेच. बळवंत हट्टाला पेटला. पाय आखूड म्हणून अडतंय ना? मग पायच लांब करून आणतो! मुंबईच्या एका इस्पितळात विलायतेहून शिकून आलेले डॉक्टर हाड लांब करतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. गाव हसलं. "अरे, पाय म्हंजे काय केळीचा कोंब हाय, वाढायला?"

तरी तो मुंबईला गेलाच. तिथे डॉक्टरांनी त्याची नडगी कापली, वरच्या-खालच्या हाडातून आरपार सळया घातल्या, दोन्ही अंगांना पेच बसवले. रोज सकाळी पेच फिरवायचा. तांदळाच्या कणीएवढं हाड लांबायचं, आणि त्या कणीएवढ्यासाठी बळवंत उशी दातात धरायचा. पहिल्या महिन्यात गावची माणसं शहाळी घेऊन आली. पुढे सळया निघाल्या, पलिस्तर चढलं, ते उतरून दुसरं चढलं, आणि माणसं येईनाशी झाली. त्यांचं तरी काय चुकलं? वाड्या शिंपायच्या कुणी? सळया पायात होत्या तेव्हाच एकदा त्याची भावजय, आनंदीवहिनी, आली होती, ती सांगायला की पुंजाराम वस्ताद गेले. रडायला कूस बदलावी तर तीही बदलता येत नव्हती. भरल्या वॉर्डात, सगळ्यांसमोर, उताणं पडून गड्याने रडायचं कसं? तो रडलाच नाही.

तो घरी आला तो दीड वर्षाने. आणखी एक वर्ष डॉक्टरांनी मातीत उतरू दिलं नाही. मग एका शनिवारी, मारुतीच्या वारी, तो लंगोट कसून आखाड्याच्या मातीत, हौद्यात उतरला. सरळ चालत! पोरं बघत राहिली. त्याचा जुना जोडीदार शांताराम पुढे आला, माती कपाळाला लावली, हातात हात भिडले.

बळवंतला पहिल्या घटकेलाच कळलं की आपलं अंग आपल्याला ओळखत नाही. जिथे झुकायचा तिथे झुकायची गरज उरली नव्हती, आणि न झुकता उभं कसं राहायचं ते अंगाला ठाऊक नव्हतं. त्याचा तोल गेला. डावा पाय सपशेल शांतारामच्या पुढ्यात आला. आंधळ्याने धरला असता असा पाय! शांतारामचा हात खाली गेला, गुडघ्याजवळ थांबला आणि मागे फिरला.

बळवंतने मुद्दाम पुन्हा पाय पुढे टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो ओरडला, "धर की, शांत्या! पाय तर पुढ्यातच हाय!"

"नाय धरता येत," शांताराम म्हणाला.

"का? मोडंल म्हनून भितोस? डॉक्टर बोलला, हाड पक्कं हाय."

शांतारामने हात सोडले. हौद्याच्या कडेला बसून नखाने माती उकरत राहिला, आणि मग त्याने ते सांगितलं. बळवंतची पहिली कुस्ती होती, तिच्या आदल्या दिवशी पुंजाराम वस्तादांनी सगळ्या चेल्यांना मारुतीपुढे उभं केलं होतं. हौद्यातली माती एकेकाच्या मुठीत दिली होती. "बल्याच्या डाव्या पायाला जो हात लावंल, तो माजा चेला नाय." एवढंच करून थांबले नव्हते. शेजारच्या एडवणच्या, माहीमच्या वस्तादांकडे स्वतः चालत गेले, हात जोडले. त्यांनीही आपल्या पोरांना आण घातली.

"सगल्यांना?" बळवंतने विचारलं.

"सगल्यांना. तूच तेवढा नव्हतास तवा तिथं."

पालघरच्या फडात का नको, ते आता उमगलं. तिथवर वस्तादांची आण पोचत नव्हती! अकरा वर्षं, बाबा, अकरा वर्षं तो धर्माचं खात होता आणि मिशांवर ताव देत होता.

"मग सोडा आता ती आण," तो म्हणाला. "पाय झाला ना बरोबर?"

"मातीची आन हाय, बल्या. ज्यानं घातली त्यानंच सोडवायची. वस्ताद तर गेले."

हा केळव्याच्या आखाड्याचा कायदा. शांतारामही मोडणार नव्हता, पोरंही नाही. मेलेल्या माणसाची माया आता कुणालाच मागे घेता येत नव्हती. त्या दिवसापासून बळवंत हौद्यात उतरला नाही. ट्रंकही उघडली नाही. ज्यासाठी पाय तोडून घेतला ती कुस्ती गावात कुणाकडेच नव्हती, आणि आपल्याकडे तरी कधी होती का, हे विचारायचं कुणाला? गाव त्याच्याशी पूर्वीसारखंच गोड बोलायचं. त्या गोड बोलण्याची त्याला शिसारी आली.

पावसाळा सरला. तो विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन पॅसेंजरने बोईसरला जाऊ लागला. तारापूरला अणुविजेच्या कारखान्याचं बांधकाम जोरात होतं, देशोदेशीचे कामगार आलेले, पानाला गिऱ्हाईक भरपूर. एका रविवारी बेटेगावच्या वाटेवर, चिंचेखाली, त्याला माती उकरलेली दिसली. लोखंड वाकवणारे बिहारी गडी लंगोट लावून झुंजत होते. बळवंत करंडी उतरवून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने कपडे काढले, आणि मूठमूठ माती नडगीला अशी चोळली की एक व्रण दिसू नये.

"आओ पहलवान," एक दांडगा गडी म्हणाला.

सलामी झाली मात्र, त्या गड्याने खाली वाकून बळवंतचा डावा पाय धरला. सरळ धरला! ना विचारलं, ना थांबला. बळवंतला आकाश दिसलं, चिंचेचा पाला दिसला, आणि धप्पकन पाठ मातीला लागली.

तो हलेना. गडी घाबरून वाकला. घामाने माती निघाली होती आणि नडगीवरचे सळयांचे व्रण उघडे पडले होते. "अरे, ये टांग में क्या हुआ? पहले बताते भाई! अब इसको नहीं पकड़ेंगे."

बळवंत ताडकन उठून बसला. इथेही? इथेही तेच?

"कुछ नहीं हुआ," तो घाईघाईने म्हणाला. "सुपारी का झाड से गिरा था, बचपन में. कबका अच्छा हो गया. पकड़ो."

"पक्का?"

"देवीची शपथ. पकड़ो ना!"

गड्याने त्याच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि पाय धरला. बळवंत पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही पडला. चौथ्यांदा त्याने पाय सोडवून घेतला, नुसता सोडवून घेतला, आणि त्याच्या तोंडून अशी आरोळी निघाली की रस्त्यावरची बैलगाडी थांबली.

परतताना त्याने सदरा अंगात घातला नाही, खांद्यावर टाकला. डब्यात लोक बघत होते. उन्हं उतरताना तो केळव्याच्या आखाड्यावरून गेला. शांताराम हौद्याला पाणी मारत होता.

"बल्या! पाठीला माती?"

"पट काढला माजा. डावा."

"कोनी?"

"नाव नाय ठावं."

शांताराम पुढे झाला, झटकायला हात वर केला. बळवंत बाजूला सरला. "ऱ्हाऊ दे. माजी हाय ती."

पुढच्या वाटेत त्याला कुणी भेटलं नाही. घरी आनंदीवहिनी पडवीत सुपारी सोलत होती. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, स्वतःची पाठ स्वतःला थोडीच दिसते?

"वैनी, हाय का गं माती अजून?"

"हाय की, पाठभर! पडलास का काय? पाय तर धड हाय ना?"

"हाय," म्हणत तो पायरीवर बसला, दोन्ही पाय सारखे पुढे ठेवून, आणि पुंजाराम वस्ताद गेल्यापासून पहिल्यांदा रडला.