लाल खुणांखालची वही

मित्रांनो, मी दुकानात कधी टांगली गेले नाही आणि माझ्यावर किंमतही छापलेली नाही. बावड्यातल्या एका ओसरीवर, उन्हाळ्याच्या सुट्टीत, छकुलीच्या आईने मला शिवलं. छकुलीच्या आठवीच्या वह्यांतली कोरी पानं तिने एकेक करून सोडवली, गुडघ्यावर ठेवून सारखी केली आणि दाभणाने टोचून पेंडीच्या पोत्याचा दोरा माझ्यातून ओवला. दाभण आत शिरलं तेव्हा दुखलं. मग तिने माझ्यावरून हात फिरवला आणि वाटलं, आता आपण सुटी पानं राहिलो नाही, आपण कुणाचे तरी झालो.

कव्हरला जुन्या कॅलेंडरचा कागद होता आणि त्यावर लक्ष्मी-नरसिंहाचं चित्र. बाहेरून ठेवलं तर पोरीचा पाय लागेल, दप्तरात डबा सांडेल, म्हणून आईने चित्र आतल्या बाजूला घेतलं. तेव्हापासून देवाचं तोंड माझ्या पानांकडे आहे. माझ्यात जे लिहिलं गेलं, ते सर्वांत आधी त्याने वाचलं.

घरातली छकुली शाळेच्या हजेरीपटावर संस्कृती होती. नववीला आसावरी मॅडम मराठी शिकवायच्या. त्यांनी एक गोष्ट शिकवायला घेतली. भिगवणकडच्या एका कोळ्याच्या मुलीची. बाप तापाने पडतो, मुलगी एकटीच होडी पाण्यात घालते, मधोमध वारा उठतो आणि ती दूरच्या होडीला हाक मारते. एवढीच गोष्ट. पण मॅडम म्हणाल्या, "ही मुलगी त्या पाण्यात मोठी होते. नेमकी कुठल्या क्षणी, ते तुम्ही शोधायचं. दर आठवड्याला नवे शब्द. गाईडमधला अर्थ नको, स्वतःच्या घरातलं वाक्य हवं. आणि शेवटी आशय, एका ओळीत. तो घाईने लिहू नका."

छकुलीने माझ्या मधल्या पानावर 'आशय :' असं लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली. ती कितीतरी महिने कोरीच राहिली.

श्रावणातला एक शनिवार मला विसरता येत नाही. छकुली न्हाणीबाहेर चुलीशी बसून शब्द पाठ करत होती आणि मी तिच्या मांडीवर होते. आतून आई ओरडली, "तुझं ते कासावीस-फासावीस बाजूला ठिव आन् पाठ चोळ माझी. उशीर व्हतोय."

छकुली मला दगडावर ठेवून आत गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता.

"आये, ही काखंजवळ गाठ कसली गं?"

"कुठं काय. म्हशीनं शिंग मारलं आसंल."

"दुखतीया?"

"न्हाय. दुखत न्हाय म्हंजी भ्यायचं कारन न्हाय."

"दादांस्नी सांगू?" छकुलीने वडिलांबद्दल विचारलं.

पाण्याचा तांब्या खाली आपटला. "आजिबात न्हाय! नरसिंहाला एकवीस शनिवार बोललीया मी. उपास करून पायी जायाचं. आजचा तिसरा. बोललेलं फुटलं की फळत न्हाय. आन् ही काय गडीमानसाला सांगायची जागा हाय व्हय? कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मित्रांनो, ही शपथ तुम्हालाही कुणीतरी घातली असेल. आमच्याकडे तिचा एक नियम आहे. ज्याने शपथ घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, मग ती उतरते. पोरं खेळात दिवसातून दहादा घालतात आणि दहादा सोडवून घेतात. छकुलीला वाटलं, आईही संध्याकाळपर्यंत म्हणेल.

"आये, सुटली म्हण की."

"एकवीस झालं की म्हनीन. मोजत बस."

ती मोजत बसली. दर शनिवारी अंधुक उजेडात आई नीरेकाठच्या देवळाच्या वाटेला लागायची, देवाला जाऊन दुपारी परतायची आणि तशीच गोठ्यात शिरायची. तिची भक्ती खोटी नव्हती. तिच्या हातचा हळदीकुंकवाचा डाग माझ्या कव्हरवर अजून आहे. पण हात जड झाला होता आणि ते फक्त छकुलीला दिसत होतं.

तोंड बंद होतं, म्हणून ते माझ्यात उतरू लागलं. 'कासावीस' शब्दापुढे तिने लिहिलं : आई दूध काढताना डावा हात धरून थांबते, तेव्हा मी कासावीस होते. खाली तारीख, अकरा ऑगस्ट.

मॅडमनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. "बघा, याला म्हणतात जिवंत वाक्य!"

मागच्या बाकावरचा यशराज म्हणाला, "मॅडम, हिची म्हैस लाथाळी आसंल!" सगळा वर्ग हसला, मग टाळ्याही वाजल्या. मॅडमनी लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि बाजूला 'सुंदर' लिहिलं. खरं सांगते, मी सुखावले. शिवलेली, जुन्या पानांची वही मी, आणि बासष्ट वह्यांत माझं कौतुक! छकुली खाली मान घालून बसली होती. तिच्या घामेजल्या बोटांचा ठसा माझ्या काठावर उमटला, तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

सप्टेंबरात 'मौन' आला. तिने लिहिलं : मी घरात मौन पाळते, कारण आईचा जीव माझ्या तोंडात आहे. खूण झाली. ऑक्टोबरात 'हाक' आला. मला हाक मारायची आहे, पण मारली तर आईचं मेलेलं तोंड दिसेल. खूण झाली. शेजारी लिहिलं होतं, 'अक्षर सुधारा.'

बासष्ट वह्यांचा गठ्ठा, पुढचा तास, बाहेर शिपाई उभा. मॅडमचा हात भरभर चालत होता. मी प्रत्येक वेळी उघडी पडले होते त्यांच्यापुढे, पण वहीला आवाज नसतो.

एकोणिसाव्या शनिवारी आई अर्ध्या वाटेत बसली ती उठली नाही, लोकांनी तिला घरी आणलं. हात खांद्यापासून सुजला होता. छकुली तशीच शाळेतून आली आणि दप्तरासकट गाडीत बसली. तिचे वडील दादासो दोघींना घेऊन बारामतीला दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"झालं की आठ-पंधरा दिस," आई म्हणाली.

"व्हय, आताच आताच," दादासोंनी मान हलवली. त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

छकुली आईच्या कानाशी वाकली. "आये, सुटली म्हण. एकदाच म्हण."

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग छकुलीने दप्तराची चेन ओढली आणि मला टेबलावर ठेवलं. ती एक शब्दही बोलली नाही. डॉक्टरीणबाई पानं उलटू लागल्या. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. त्यांनी मला दादासोंपुढे सरकवलं. ते बोट ठेवून सावकाश वाचत गेले.

"एवढं लिवलंस, पोरी. मला एक शबुद न्हाय?"

"शपथ हुती, दादा."

"ऑगस्टमध्ये आणलं असतं तर..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि छकुलीकडे नजर जाताच त्यांनी पुढच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

पुढचे महिने मी दवाखान्यातल्या पिशवीत काढले. औषधांच्या वासाने माझा कागद मऊ पडला. आईचे केस गेले, आवाज गेला, तोंडावर श्वासाची नळी आली. छकुली नीट जेवत नव्हती. आपण शपथ मोडली म्हणूनच हे होतंय, असं तिच्या मनाने घेतलं होतं. खाटेशी बसून ती एवढंच म्हणायची, "आये, मी बोलली न्हाय. नुसती वही ठिवली गं."

फाल्गुनातल्या एका दुपारी आईने हाताने खूण करून मला मागितलं. जिने मला शिवलं, तिने माझ्यात आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. छकुलीने पेन दिलं. आईने पानं चाळली, जागा शोधली. 'आशय :' या शब्दापुढची कोरी ओळ तिला सापडली. सातवीपर्यंत शिकलेल्या, थकलेल्या उजव्या हाताने तिने लिहिलं :

सुटली. तवाच म्हनाया पायजे हुतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. छकुलीने तिचं मेलेलं तोंड पाहिलं. पण शपथेने नव्हे. मित्रांनो, हे मी पुन्हा सांगते, शपथेने नव्हे.

तेरावा झाल्यावर आसावरी मॅडम घरी आल्या. ओसरीवर, जिथे मी शिवली गेले तिथेच बसल्या आणि मला पहिल्या पानापासून वाचू लागल्या. चहा निवून गेला.

"संस्कृती, ही वाक्यं मी... मी वाचली होती?"

"तपासली हुती, मॅडम."

मॅडमनी मला कपाळाला लावलं आणि पदर तोंडाशी नेला. आशयाच्या ओळीखाली त्यांनी खूण केली नाही. आता त्या गठ्ठा घरी नेतात. छकुली सांगते, दोन-दोन दिवस वह्या परत मिळत नाहीत.

मला नवं कव्हर नको, मला कपाटात जपू नका. माझं मागणं दुसरंच आहे. मोठ्यांनो, खूण करण्याआधी वाचा. मुलांनो, ज्या शपथेने कुणाचा जीव झिजतो, ती 'सुटली'ची वाट न बघता मोडा आणि हाक मारा. व्रत देवासाठी असतं. माझ्या कव्हरच्या आत बसलेल्या देवाने सगळं वाचलं, पण आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला माणसाचेच पाय लागतात.

माझी शेवटची अकरा पानं कोरी आहेत. यंदा दहावीची वही शिवायला छकुलीने सगळ्या जुन्या वह्या सोडवल्या. मलाही हातात घेतलं, दोऱ्याला नख लावलं. तो दोरा आईने बांधलेला होता. छकुलीने मला तसंच मिटून ठेवलं आणि दुसरी पानं घेऊन दाभण उचललं.