खिंडीला वळसा

"डोंगर तोच, नदी तीच, मग वाट कशी गं लांबली?" पावाचं पीठ मळता मळता आई गुणगुणायची. बाबा विमानातून टपाल न्यायचे. त्यांना उशीर झाला की त्याच ओळीला धार चढायची.

मीही विमानवाल्याचीच बायको झाले. माझा नवरा वेस लहान विमानातून फेअरबँक्सहून अँकरेजला सामान नेतो. मधल्या खिंडीतून सरळ गेलं तर दोनेक तास. निघताना तो पोचायची वेळ मला सांगून जातो; त्यावर अर्धा तास उलटला तर शोधपथकाला फोन मी करायचा. आमच्या बर्फाळ मुलखात घरोघरी हेच.

बर्फ वितळल्यापासून वेस तीन तास सांगू लागला.

"वारा समोरून आहे," म्हणायचा.

"आणि येताना?"

"तेव्हाही."

वारा काय याचं बोट धरून फिरतो?

शेजारची बर्डी हसली. "अगं, वाटेत टॉकीटना गावात उतरत असेल. तिथली एक बाई रानबेरींचा केक फार छान करते म्हणे!"

मी हसले नाही. त्याचे सदरे हुंगले. घरी आल्यावर तो किती जेवतो तेही पाहू लागले. पोटभर जेवायचा, पण मान वर करायचा नाही.

एका सकाळी मी सरळ विमानात जाऊन बसले.

"आज कसं काय?" वेसचा चेहरा उतरला.

"का? जड होते मी?"

विमान उडालं आणि थोड्याच वेळात त्याचं नाक पूर्वेला वळलं. अँकरेज तर दक्षिणेला!

"इकडे कोण राहतं रे?"

"कोणी नाही."

"नाव तरी सांग तिचं."

दूर डोंगररांगेत खिंडीची निळी खाच लख्ख दिसत होती, तिच्यावर ढगाची चिंधीही नव्हती. खिंडीतून बाहेर पडणाऱ्यानं आत शिरणाऱ्याला हवा सांगायची, ही इथल्या आकाशाची रीत. रेडिओवर कुणीतरी सांगतही होतं, "आत स्वच्छ आहे, या खुशाल."

वेसनं आवाज बारीक केला.

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस माझा धाकटा भाऊ सायमन त्याच खिंडीत विमानासकट डोंगराला धडकून गेला. ढग अचानक उतरले, असं सगळे म्हणाले. वेसही तेच म्हणाला होता.

माझ्या डोक्यातली ती केकवाली बाई विरून गेली.

"वेस, त्या दिवशी सायमनच्या आधी खिंडीतून बाहेर कोण आलं होतं?"



"त्यानं विचारलं, 'आत कसं आहे, दाजी?'" समोर बघतच वेस म्हणाला. "ढग उतरायला लागले होते. मला दिसत होते गं. वाटलं, ते पुरते उतरायच्या आत पोरगा निघून जाईल. मी म्हणालो, मोकळं आहे, ये."