टोपलीखालचा श्वास

मित्रांनो, मी मातीची शेगडी, आणि चांगली म्हातारी बरं का! माझा जन्म गंगाखेडचा. सटवाजी कुंभारानं गंगेकाठची माती तुडवून तुडवून लोण्यासारखी केली आणि मला घडवलं. भट्टीतून निघाले ती अशी लालबुंद, की बाजारात सगळ्या रांगेत पहिलं गिऱ्हाईक मलाच आलं. त्या होत्या नर्मदाबाई. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

माझं काम मोठं मानाचं. बाळाची अंघोळ झाली की माझ्या निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाच्या साली पडायच्या. धूर उठला की नर्मदाबाई बाळाला दोन्ही हातांवर घेऊन त्यावरून फिरवायच्या. बाळ रडलं की लगेच पदराखाली. अशी पाच लेकरं माझ्यापुढं वाढली. गल्लीतल्या बायका मला मागून न्यायच्या, 'लय गुणाची शेगडी' म्हणायच्या, आणि मी आपली फुगून बसायची.

त्या पाचांतली थोरली हेमा. ती सातवीत असताना सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची औरंगाबादेला बदली झाली, आणि जाताना त्यांनी आपली गिनीपिग तिला दिली. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून हेमानं तिचं नाव ठेवलं बुंदी. गल्ली तिला विलायती उंदीर म्हणायची. मग शेपूट कुठं आहे ते दाखवा, म्हणून हेमा सगळ्यांशी भांडायची.

पावसाळा सरता सरता बुंदीला सर्दी झाली. नाक ओलं, सारख्या शिंका, आणि श्वास घेताना वाळक्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा आवाज. कोथिंबिरीलाही ती तोंड लावेना. हेमा रडकुंडीला आली. नर्मदाबाईंनी तिला जवळ घेतलं. तुम्हा पाचांना ज्यानं बरं केलं त्यानंच हिलाही बरं करू, म्हणाल्या, आणि मला पेटवलं.

पण बुंदी काही हातात राहीना. मग त्यांनी तिला माझ्याशेजारी पाटावर ठेवलं, आम्हा दोघींवर मोठी टोपली पालथी घातली आणि वरून ओलं धडपं टाकलं. टोपली दाबून धरायचं काम हेमाचं. त्या काळी आमच्याकडं शाळेत उर्दू सक्तीची, तिची उर्दू मोजणी नुकतीच पाठ झालेली. एक, दो, तीन करत शंभर झाले की टोपली उचलायची.

आत बुंदी किंचाळायची.

"कफ सुटायलाय," नर्मदाबाई म्हणायच्या.

मग ती गप्प व्हायची. "बघ, आराम पडला."

मित्रांनो, मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. तो आराम नव्हता. ती पाटाच्या फटीत नाक खुपसून हवा शोधत होती, आणि धूर तर माझ्याच पोटातून निघत होता. मला ना तोंड, ना पाय. सांगणार कशी?

दुसऱ्या दिवशी आवाज वाढला, म्हणून ओवा वाढला. तिसऱ्या आठवड्यात धुरी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा सुरू झाली. दोघी अगदी मन लावून करत होत्या. तेच तर मला जास्त लागायचं.

एक दिवस हेमा एकटीच बुंदीला घेऊन सलोत्रीकडे, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांकडे गेली. 'माझ्या यादीत बैल, म्हैस, घोडा आहे, हा जिन्नस नाही,' असं त्यांनी सांगितलं. बैल घेऊन आलेली माणसं खो खो हसली. हेमा घरी आली ती रागानं लाल होऊन. पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पेटले. ओवा पडला. टोपली जवळ आली, अजून पालथी पडली नव्हती. या वेळी बुंदी किंचाळली नाही. ती नुसती मागं मागं सरकली आणि भिंतीला टेकली. हेमा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं बुंदीला उचलून ओसरीवर नेऊन ठेवलं, परत आली, माझ्यापुढं बसली आणि ते ओलं धडपं स्वतःच्या डोक्यावरून माझ्यावर ओढून घेतलं. मोठ्यानं मोजायला लागली.

"अगं, येड लागलं का तुला?" नर्मदाबाई धावत आल्या.

सतरहच्या पुढं तिला जाता आलं नाही. बाहेर आली ती खोकून खोकून बेजार.

"आजी, लेकरू रडलं की तू त्याला बाजूला घ्यायचीस," ती म्हणाली. "ही ओरडली, तर आपण टोपली दाबली."

नर्मदाबाई न्हाणीकडे वळल्या. त्यांनी पाण्याची घागर उचलली आणि माझ्यावर ओतली. मला काठापासून बुडापर्यंत तडा गेला. खरं सांगू? विस्तव विझला तसं मला सुटल्यासारखं झालं.

बुंदी वाचली. पण पुरती बरी काही झाली नाही. थंडी पडली की तिचा तो आवाज परत येतो. हेमा तिला ओसरीवर कोरड्या, झटकलेल्या गवतावर ठेवते आणि शाळेला निघताना तिच्या पाठीला कान लावते. नर्मदाबाई आतूनच विचारतात, "घ्यायलीय का गं नीट श्वास?" हेमानं हो म्हटल्याशिवाय त्यांचा हात कामाला लागत नाही.

मी न्हाणीजवळ पडून असते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला वापरा, विसरू नका. माझं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, मला पुन्हा पेटवू नका. आणि ज्याला बरं करायला निघालात, त्याच्याकडे आधी नीट बघा. तो मागं सरकत असेल, तर तुम्ही तिथंच थांबा.

काल बुंदी फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. राख कधीच धुऊन गेली आहे. तरी तिनं नाक वर करून वास घेतला आणि ती आल्या पावली उलटी फिरली. मी तिला बोल लावत नाही.