दुपारची केबिन

"आत नाही सोडता येणार, आजोबा. नियम म्हणजे नियम."

"अहो, मला कुठं आत यायचंय? माझ्या सुनेला बाहेर बोलवा. पोरगं रडून रडून लाल झालंय. बाटली तोंडाला लावली की जिभेनं ढकलून देतंय."

शर्टांच्या कारखान्याचं फाटक सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे हवालदार म्हणत. पोलिसात तो एक दिवसही नव्हता. पण मिशा आणि ताठ पाठ पाहून कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. लग्न केलं नव्हतं, मागेपुढे कोणी नाही. फाटक उघडायचं, फाटक लावायचं, साहेब दिसले की सलाम ठोकायचा, यातच उमर गेली. निवृत्ती तोंडावर आली होती आणि एवढ्या नोकरीत साहेबांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

जेवणाची घंटा झाली तशी कॉलरवाली धावतच आली. दिवसभर मशीनवर कॉलर शिवायची म्हणून कॉलरवाली. बाळंतपणाची रजा संपवून त्याच सकाळी ती कामावर रुजू झाली होती. एप्रन तिनं छातीशी घट्ट धरला होता. तरी त्यावरचा ओला डाग लपत नव्हता. सासऱ्यांच्या हातून बाळ घेऊन ती इकडेतिकडे बघू लागली. रस्ता वाहता. शेवटी एका उभ्या ट्रकच्या मागं, भिंतीला टेकून ती उकिडवी बसली आणि सासरे पाठमोरे होऊन, कोट पसरून तिच्यापुढं उभे राहिले.

तेवढ्यात ट्रक सुरू झाला. धुराचा लोट उठला आणि बाळाला ठसका लागला.

"ए, इंजिन बंद कर!" हवालदार गरजला. मग फाटकाजवळच्या आपल्या केबिनचं दार उघडून घसा खाकरत म्हणाला, "बाई, इथं बसा. खुर्ची आहे, पंखा आहे. केबिन फाटकाच्या आत पण नाही आणि बाहेर पण नाही. नियमात बसतं."

खिडकीला त्यानं स्वतःचा रेनकोट अडकवला आणि दाराकडे पाठ करून उन्हात उभा राहिला. आतलं रडणं थांबलं. थोड्या वेळानं चुटूचुटू आवाज येऊ लागला. हवालदाराच्या मिशा आपोआप वर गेल्या.

मग ते रोजचंच झालं. दुपार झाली की आजोबा बाळाला छातीशी बांधून हजर. सून केबिनमध्ये, दोघे म्हातारे बाहेर उन्हात.

"मला तर आई नव्हतीच," हवालदार एकदा सहज बोलून गेला. "मी जन्मलो आणि ती गेली. शेजारच्या बाईनं आपल्या पोरीबरोबर मला पाजलं. नात्याची ना गोत्याची. तिच्यामुळं जगलो."

आजोबांनी आपली छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

बाळ भरलं. मनगटांना वळ्या पडल्या. कॉलरवाली दवाखान्यातल्या नर्सचं बोलणं येऊन सांगायची, ते हवालदार कान देऊन ऐकायचा आणि पुढं ट्रकवाल्यांना ऐकवायचा. एकदा आजोबांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तर हा अंगावरच आला.

"कुणासाठी?"

"ऊन आहे म्हणून म्हटलं, बाळाला घोटभर..."

"सहा महिने पाणीसुद्धा नाही! दुधातच सगळं असतं. नर्सबाईंनी काय सांगितलं? विसरलात?"

आतून कॉलरवालीचं हसू ऐकू आलं. "बाबा, ऐका त्यांचं. घरात एक सासू होती, आता इथं दुसरी झाली!"

एका दुपारी मॅनेजरसाहेब मोठ्या मालकांना घेऊन फाटकाशी आले. आगीच्या घंटेचं नवं बटण केबिनमध्ये बसवलं होतं, ते दाखवायचं होतं. हवालदारानं सलाम ठोकला. पण दारातून हलला नाही.

"बाजूला व्हा, हवालदार."

"साहेब, आत जाता येणार नाही."

मॅनेजरसाहेबांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"बाळ जेवतंय, साहेब."

"कुणाचं बाळ? अहो, पाच मिनिटांचं काम आहे आमचं!"

"बाळाचं पण तेवढंच राहिलंय, साहेब." आजोबांनी डोळे मिटून घेतले.

मोठे मालक पुढं झाले. म्हातारा माणूस, हातात काठी. "रोज येतं का ते?"

हवालदार ताठ झाला आणि परेडमध्ये उत्तर द्यावं तसा बोलू लागला. "रोज, मालक! आईचं दूध आहे. त्यानं जुलाब, न्यूमोनिया कमी होतात. बाळानं अजून आजारी म्हणून दवाखाना बघितला नाही, त्यामुळं आईची एक रजा नाही! आईला पण फायदा आहे. बाळंतपणानंतर अंग लवकर सावरतं, पुढं साखरेचा त्रास, छातीचा कॅन्सर, यांचा धोका कमी होतो. दूध साचलं तर गाठी होतात, ताप येतो, म्हणून दुपारचं पाजणं चुकवता येत नाही, मालक!"

मॅनेजरसाहेब कानापर्यंत लाल झाले. मालक मात्र हवालदाराकडे बघतच राहिले.

"तुम्हाला मुलं किती?"

"लग्न नाही केलं, मालक."

मालकांचे खांदे हसण्यानं हलले. त्यांनी एक रिकामं खोकं काठीनं ओढलं आणि त्यावर बसले. "बाळाचं जेवण होऊ दे. मी थांबतो."

मग सगळेच थांबले. मॅनेजर, ट्रकवाला, आजोबा, सगळे उन्हात चिडीचूप. आणि आतून बाळानं अशी दणदणीत ढेकर दिली, की पहिले हसले ते मॅनेजरसाहेबच.

पुढच्या महिन्यात मालकांच्या सांगण्यावरून शर्टांच्या जुन्या नमुन्यांची खोली बाळांना पाजण्यासाठी रिकामी झाली. बायकांनी उरलेल्या कापडाचे पडदे शिवले. मॅनेजरसाहेबांनी घरून आरामखुर्ची पाठवली. धाकटी मुलगी मोठी झाल्यापासून बायको त्या खुर्चीत बसत नाही, म्हणाले. इस्त्रीवाल्या दोघी आणि बटणवाली, अशा आणखी तीन आया आता बाळांना बोलावून घेणार होत्या.

"दादा, पहिल्यांदा तुम्ही आत या," कॉलरवाली हवालदाराला म्हणाली.

"छे! माझं काय काम तिथं?" पण दाराला आतून कडी नाही, हे त्याच्या नजरेनं टिपलं होतं. जाऊन तो हत्यारं घेऊन आला. कडी बसवली, दोनदा लावून पाहिली, तेलाचा थेंब सोडला आणि दार ओढून घेत बाहेर आला.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. हवालदार क्षणभर तिथंच थांबला. मग फाटकावर हॉर्न वाजला तसा टोपी सरळ करत निघाला.