दोन झाकणं

मी गणित शिकवते. केलगेरीच्या शाळेत मुलं मला घाबरतात, घरात नवरा घाबरतो. आणि त्या रविवारी हुबळीत उणकलच्या खेळांच्या दुकानात दहा माणसं मला फिदीफिदी हसत होती! का, तर मी इंटरनेटवरचा कार्डांचा डेक जसाच्या तसा उचलून आणला होता.

खेळ साधा आहे. आपापली साठ कार्डं घरून बांधून आणायची आणि समोरच्याशी भिडायचं. माझ्या डेकमधली मुख्य कार्डं दोन, विहीर आणि रहाट. विहीर समोरच्याची कार्डं बुडवते, रहाट तीच विहीर पुन्हा पुन्हा चालवतो. दोन्ही टेबलावर आली की त्याचा सगळा डेक पाण्यात. अमेरिकेत कुणीतरी याच्यावर मोठी स्पर्धा जिंकला म्हणे. जिंकेना का! त्याला हुबळी कुठं ठाऊक होती? इथं सगळे झुंडीनं तुटून पडणारे टोळ खेळायचे, निवृत्त वकील बाळकृष्णकाकासुद्धा. माझी विहीर खणून होईतो टोळांनी माझा फडशा पाडलेला असायचा.

मी जाम चिडले. वही काढली, कोण काय खेळतं ते लिहून काढलं, डेकमधली शोभेची कार्डं फेकली आणि टोळांना हाकलायला चार धुऱ्या घातल्या. रहाट चार लागतात, माझ्याकडं दोनच. उरलेले दोन गुरुप्रसादनं दिले. हा तारिहाळच्या कारखान्यात सुपरवायझर, माझ्याहून लहान, सारखं 'अक्का, अक्का' करणारा. आमच्याकडं रीतच आहे ती. गावात कार्डं मोजकी, तेव्हा कुणी मागितलं की द्यायचं. मग तो ते तुमच्याच विरुद्ध का खेळेना.

पुढचे सहा रविवार मी सगळ्यांना बुडवलं. काकांना तर दोनदा. झालं! लगेच निम्मं दुकान विहिरी खणायला लागलं. कॉपीबहाद्दर मेले! मी परत वही उघडली, दोन धुऱ्या काढल्या आणि दोन झाकणं घातली. झाकण टाकलं की समोरच्याची विहीर बंद.

बेंगळुरूच्या राज्य स्पर्धेला हुबळीतून एकच जण जाणार होता. मला जायचं होतं. चाळिशी आली तरी मी कशात म्हणून पहिली आले नव्हते. बी.एड.लासुद्धा दुसरी.

निवडीच्या दिवशी सकाळी गुरू आला. "अक्का, एखादं झाकण आहे का गं? संध्याकाळी परत देतो की."

दोन्ही झाकणं माझ्या डेकमध्ये होती. "नाही रे," मी म्हणाले. "एकसुद्धा नाही." इतकं सहज बोलून गेले की माझं मलाच नवल वाटलं.

"होग्ली बिड अक्का, जाऊ दे," म्हणत तो गेला.

शेवटच्या फेरीत आम्हीच दोघं. एकेक डाव दोघांनी घेतला. तिसऱ्यात गुरूनं चक्क विहीर मांडली! हा तर पक्का टोळवाला, हा कधी विहीर खणायला लागला? मागोमाग रहाट. तो फिरायच्या आत काही केलं नाही तर मी संपले. हातात झाकण होतं. टाकलं तर बेंगळुरू, पण खोटं सगळ्यांसमोर उघडं. नाही टाकलं तर पुन्हा दुसरी. अगं बाई, असा घाम मला परीक्षेतही कधी फुटला नव्हता. पण हात गेलाच पुढं.

काकांनी घसा खाकरला. गुरू झाकणाकडं बघत राहिला.

"तू नाही म्हणालीस ना अक्का," तो म्हणाला, "म्हणूनच मी सकाळी थोडे टोळ काढून विहीर घातली. म्हटलं, ती बंद करायला तुझ्याकडं काही नाही."

पुढच्या दोन चालींत डाव माझा झाला. गुरू चिडला असता तर बरं झालं असतं, भांडायला मी एका पायावर तयार असते. त्यानं हसून हात मिळवला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचे दोन रहाट काढून दिले, तर त्यानं ते परत सरकवले. "बेंगळुरूला काय रिकाम्या हातानं जाणार?" आता मात्र मला राहवेना. दोन्ही झाकणं उचलली आणि त्याच्या खिशात कोंबली. "ठेव! माझ्या डोळ्यांसमोर नकोत!"

बेंगळुरूचं पान माझ्या वहीत नव्हतं. तिथं अख्खा हॉल विहिरी खणत होता. तीन सामने, तिन्ही पाण्यात. जेवणाच्या आधीच मी मोकळी. पायरीवर बसून गुरूला फोन लावला.

"हरले रे," मी म्हणाले. "सगळेच विहीरवाले. माझ्याकडं एकसुद्धा झाकण नव्हतं."

तो अगदी मायेनं म्हणाला, "या खेपेला खरंच नव्हतं ना, अक्का?"