हनुवटीखालची नोकरी

मी मास्क बोलतोय. ‘तोंडावरचा’ हा माझा फक्त हुद्दा. राहायला मी हनुवटीखाली असतो.

माझा जन्म एका स्वच्छ, शांत खोलीत झाला. रबराचं अंग, दोन्ही गालांवर गोल गाळण्या, मागे ताणून बसणारे पट्टे. विषारी वाफ मी आत येऊ देत नाही, असं माझ्या डब्यावर ठसठशीत छापलं होतं. मला स्वतःचं भारी कौतुक वाटायचं. मग मी कारखान्यात आलो आणि सगळा तोरा उतरला.

आमच्या विभागात लोखंडी भागांवर चकचकीत मुलामा चढवतात. ॲसिडच्या टाक्यांची रांग आहे, त्यांतून दिवसभर वाफा निघतात. एका पत्र्याच्या भिंतीपलीकडे प्रेस मशीनं आहेत. ती आदळली की टाक्यांतलं ॲसिड थरथरतं. इथे मी ज्या कामगार बाईच्या वाट्याला आलो, तिला सगळे ‘भोंगा’ म्हणतात. भाग टाक्यांत सोडणारे क्रेनवाले काका वर केबिनमध्ये बसतात. वाफेमुळे त्यांना खालच्या हातांच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून खालून ओरडून सांगायचं: उचला, थांबा, सोडा. त्या गोंगाटाला पुरून उरणारा आवाज तिच्या एकटीचाच होता, आणि तिला त्याचा अभिमानही होता.

आता मास्क लावून कोण ओरडणार? माझ्या आतून शब्द बाहेर पडतो तो गोधडीतून बोलल्यासारखा. म्हणून ती मला खाली ओढते, छाती भरून श्वास घेते, ओरडते आणि पुन्हा वर चढवते. खाली, वर, खाली, वर, तासाला चाळीस वेळा. ज्या श्वासाला माझी सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच वेळी मी हनुवटीखाली घाम टिपत असतो. सांगा, माझा जीव थाऱ्यावर कसा राहील?

आधी तिचा आवाज फक्त शनिवारी बसायचा आणि सुट्टीत परत यायचा. मग तो बुधवारीच बसू लागला. भोंग्याची बॅटरी उतरली म्हणून सगळे हसले, तीही हसली. गरम पाणी झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. मला धुवायला ती घरी नेते, त्यामुळे तिथलंही माझ्या कानावर येतं. पूर्वी ती साधं बोलली तरी भांडण चाललंय असं शेजाऱ्यांना वाटायचं. आता नवरा म्हणाला, घर कसं शांत झालंय. मला त्याचा असा राग आला!

शेवटी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी घशात बारीक नळी घालून पाहिलं. स्वरयंत्र सुजलंय, त्यावर गाठी आल्यात, आता काही आठवडे ओरडणं बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, “मास्क घालता ना?”

“रोज घालते,” ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. मी पिशवीत पडल्या पडल्या तळमळत होतो. कुठे घालते ते विचारा ना, बाई! पण त्यांनी नाही विचारलं.

साहेबांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि तिला एक शिट्टी आणून दिली. आता ओरडू नका, शिट्टी मारा म्हणाले. माणूस वाईट नाही. पण शिट्टी काय माझ्यावरून वाजणार आहे? पुन्हा मी खाली, पुन्हा छाती भरून श्वास.

परवा जेवणाच्या सुट्टीत तिने भावाला फोन लावला.

“कोण बोलतंय?” भावाने विचारलं.

“मीच रे.”

“मी कोण?”

लहानपणी जिच्या एका हाकेवर तो दोन गल्ल्या ओलांडून धावत यायचा, तिलाच तो नाव विचारत होता. तिने फोन बंद केला आणि माझे पट्टे उगाचच ओढून पाहिले. मला वाईट वाटलं, फार वाईट.

आज सकाळी तिने शिट्टी कपाटात टाकली, मला तोंडावर चढवलं आणि अजून एकदाही खाली ओढलेलं नाही. काही सांगायचं असलं की ती लाल बटण दाबून क्रेन थांबवते, बारा पायऱ्या चढून काकांना बोटांनी दाखवते आणि खाली येते. तिला धाप लागते, पण तिचा एकूण एक श्वास मी गाळून देतोय. दुपारपर्यंत नेहमीच्या निम्मंही काम झालेलं नाही.

आणि आत्ता साहेब तावातावाने आलेत. स्वतःचा मास्क हनुवटीखाली ओढून ते तिच्यासमोर ओरडताहेत. काम का अडलं, हेच विचारत असणार. प्रेसच्या दणदणाटात ऐकू काहीच येत नाही, मधे मधे येणारा त्यांचा खोकला तेवढा दिसतो. तिला उत्तर द्यायचंय. सवयीने तिचा हात वर आलाय, बोटं माझ्या कडेला लागली आहेत.

नको गं, ओढू नकोस. आणि साहेब, तुम्हाला तिचं उत्तर हवं असेल, तर आधी ती प्रेस मशीनं बंद करा.